हसविणारे बोलूं लागतात तेव्हां

सुटींत काय वाचावें हें सांगणारे पुष्कळ भेटतात. काय ऐकावें हें सांगणारा मात्र क्वचितच आढळतो. दिवाळी असो कीं नाताळ असो, कचेरीला टाळें लागलें, पाहुणे येऊन गेले आणि फराळाच्या डब्यांचा तळ दिसूं लागला, म्हणजे माणसाच्या हातीं एकाएकीं रिकामा वेळ येऊन पडतो. या वेळाचें तो काय करतो हें सर्वांच्या परिचयाचें आहे. तो निजतो, उठतो, पुन्हां निजतो, आणि सुटी संपल्यावर ती कोठें गेली म्हणून हळहळतो. अशा वेळीं कानांना चांगली सोबत मिळाली तर ती कोणास नको आहे? आणि ती सोबत जगाला हसविणाऱ्या माणसांची असेल, तर सुटीचें सोनेंच व्हावयाचें, असें वरवर पाहणाऱ्यास वाटेल. तें तितकेंसें खरें नाहीं. हसविणाऱ्यांच्या सहवासांतहि मनुष्य कंटाळून जाऊं शकतो. किंबहुना तेथें अपेक्षा मोठी असल्यामुळें कंटाळा लौकर येतो. म्हणून निवड करणें अवश्य होऊन बसतें.

ही निवड पॉडकास्टांतून करावयाची आहे. पॉडकास्ट म्हणजे नभोवाणीचें धाकटें भावंड. बेन हॅमर्सली या पत्रकारानें २००४ सालीं 'गार्डियन' या इंग्रजी दैनिकांत हा शब्द योजला, आणि आतां तो मराठी घरांतहि रुळला आहे. थोरल्या भावंडाला घड्याळाचा धाक असतो. नभोवाणीवरील वक्त्याला दहा-पंधरा मिनिटांत आपलें म्हणणें आटोपावें लागतें. कांटा पुढें सरकला कीं त्याचा जीव खालींवर होऊं लागतो. धाकट्याला हा धाक ठाऊकच नाहीं. दोन माणसें ध्वनिग्राहकापुढें बसलीं कीं दीड-दीड तास बोलत राहतात, मध्येंच थांबतात, भलतीकडे जातात, पुन्हां परत येतात. यांत पाल्हाळ फार होतो ही गोष्ट कबूल केली पाहिजे. परंतु विनोदी नटाच्या बाबतींत हाच दोष उपयोगी पडतो. विनोदी नट मुलाखतीला बसला म्हणजे पहिलीं वीस मिनिटें तो आपला नेहमींचा खेळच करीत असतो. नकला होतात, ठेवणींतले किस्से होतात, हजारदां घासून गुळगुळीत झालेल्या कोट्या होतात. पंचविसाव्या मिनिटाच्या सुमारास ही पोतडी रिकामी होते, आणि मग माणूस बोलूं लागतो. सुटींत ऐकण्यासारखें जें कांहीं आहे तें बहुधा या पंचविसाव्या मिनिटाच्या पलीकडचें.

नाटक-तमाशांच्या धंद्याविषयींचे पॉडकास्ट आज इतके आहेत कीं, नुसतीं नांवें वाचावयाचीं म्हटलीं तरी नाताळ संपून मकरसंक्रांत यावी. त्यांतील बरेचसे एकाच घाटाचे असतात. तीन-चार मित्र जमतात, एकमेकांच्या कोट्यांना आपणच हसतात, आणि श्रोता बिचारा दुसऱ्याच्या घरची पंगत खिडकींतून पाहणाऱ्या माणसासारखा उपाशीच राहतो. ते सारे येथें वगळले आहेत.

पहिला मान मार्क मॅरन या अमेरिकन विनोदी नटाच्या 'डब्ल्यू-टी-एफ' या मालेला द्यावा लागतो. हें नांव एका शिवराळ इंग्रजी उद्गाराच्या आद्याक्षरांचें आहे, आणि आंतील भाषाहि नांवाला जागते. तेव्हां वडीलधाऱ्यांच्या बैठकींत ही माला मोठ्यानें लावूं नये, कानांत यंत्र घालून एकट्यानेंच ऐकावी. २००९ सालीं मॅरन सर्व बाजूंनीं खचला होता. वय पंचेचाळिशीचें, दुसरें लग्न मोडलेलें, आणि 'एअर अमेरिका' या नभोवाणीसंस्थेंतील काम सुटलेलें. पहिले कांहीं भाग त्यानें व त्याच्या सोबत्यानें त्याच संस्थेच्या जागेंत रात्रीं गुपचूप जाऊन ध्वनिमुद्रित केले. पुढें लॉस एंजेल्समधील आपल्या घराच्या गॅरेजांत, पुस्तकांच्या आणि अडगळीच्या गर्दींत, तो पाहुण्यांना बोलावूं लागला. याच गॅरेजांत जून २०१५ मध्यें अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष बराक ओबामा येऊन बसले. त्या दिवशीं शेजाऱ्याच्या छपरावर बंदूकधारी पहारेकरी ठेवावे लागले होते. १३ ऑक्टोबर २०२५ रोजीं या मालेचा अखेरचा भाग निघाला, तेव्हांहि पाहुणे ओबामाच होते. सोळा वर्षांत सोळाशेंहून अधिक भाग झाले. इतके कोणी ऐकूं नयेत. दोन-तीन ऐकावे, पण ते मन लावून ऐकावे.

त्यांतील एक रॉबिन विल्यम्सचा, एप्रिल २०१० चा. विल्यम्स रंगमंचावर उभा राहिला कीं त्याच्या तोंडून एका मिनिटांत दहा माणसांचे आवाज बाहेर पडत. त्याला थांबविणें म्हणजे धबधब्यापुढें हात धरणें. सान फ्रान्सिस्कोजवळील त्याच्या राहत्या घरीं मॅरन त्याला भेटला. तेथें प्रेक्षक नव्हते. ही एक गोष्ट सारा फरक करून गेली. विल्यम्सचा आवाज खालीं आला. वीस वर्षें दारूला न शिवल्यावर आपण पुन्हां तिच्या आहारीं कसे गेलों, हृदयावरील शस्त्रक्रियेनंतर आयुष्याकडे पाहण्याची दृष्टि कशी पालटली, दुसऱ्यांचे विनोद उचलल्याचा आरोप आपल्यावर कां आला, हें सर्व तो अगदीं साध्या स्वरांत सांगतो. मग आत्मघाताच्या विचाराची गोष्ट निघते. असा विचार एकदां मनांत डोकावल्याचें तो मान्य करतो, आणि लगेच आपली विवेकबुद्धि व आपण यांच्यामधील एक संवाद रचून तो आवाज बदलून करून दाखवितो. ऐकणारा हसतो. हसल्यावर आपण कशाला हसलों याची जाणीव होऊन चपापतो.

चार वर्षांनीं, ११ ऑगस्ट २०१४ रोजीं, विल्यम्सनें आपला अंत करून घेतला. त्याच्या मेंदूला जडलेल्या व्याधीचें खरें स्वरूप शवपरीक्षेनंतर उघडकीस आलें. मॅरननें तो जुना भाग पुन्हां श्रोत्यांपुढें ठेवला, आणि ज्या वाक्यांना लोक पूर्वीं हसले होते तींच वाक्यें आतां निराळीं ऐकूं येऊं लागलीं. हें कोणीं लिहिलेलें नाटक नाहीं. एका दुपारीं झालेल्या गप्पा आहेत. अमेरिकेच्या 'लायब्ररी ऑफ काँग्रेस' या राष्ट्रीय ग्रंथालयानें जपून ठेवण्यायोग्य ध्वनिमुद्रणांच्या यादींत २०२२ सालीं या भागाची नोंद केली. येथें एक सावधगिरीची सूचना अवश्य आहे. ज्याच्या घरीं असा आघात नुकताच झाला असेल, त्यानें हा भाग सुटींत ऐकूं नये. पुढें केव्हां तरी ऐकावा.

त्याच मालेंतील दुसरा भाग हलका आहे, आणि तरीहि त्यांत एका माणसाचीं वीस वर्षें पणाला लागलेलीं आहेत. 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' हा दूरचित्रवाणीवरील विनोदी कार्यक्रम १९७५ पासून चालू आहे. त्याचा जनक लॉर्न मायकेल्स. अमेरिकेंत विनोदी नट म्हणून नांव मिळवावयाचें तर मायकेल्सच्या दारावरून जावें लागे, अशी स्थिति कित्येक वर्षें होती. १९९५ सालीं मॅरन त्याला भेटला, आणि त्याची निवड झाली नाहीं. झालें! तेव्हांपासून या गृहस्थाच्या मनानें एकच ध्यास घेतला. त्या कार्यक्रमांत काम केलेला कोणीहि नट गॅरेजांत आला कीं मॅरन त्याला मायकेल्सविषयीं विचारणार हें ठरलेलें. त्या दिवशीं त्याच्या खोलींत काय चुकलें? मीं काय करावयास हवें होतें? नोव्हेंबर २०१५ मध्यें मायकेल्स स्वतःच समोर येऊन बसला. प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा या दोघांच्या स्मरणांतील अंतर हाच या भागांतील खरा विनोद आहे. एकाच्या आयुष्यांतील मुख्य प्रसंग दुसऱ्याच्या आयुष्यांत एका मंगळवारच्या कामाएवढाच असावा, हें ज्यानें कोठें ना कोठें नोकरीचा अर्ज केला आहे त्याला समजावून सांगावें लागणार नाहीं.

लुई सी. के. याच्याशीं मॅरननें २०१० सालीं दोन भागांत केलेल्या बोलण्याची पूर्वीं फार वाहवा होत असे. दोन जुने मित्र, एकाचें यश, दुसऱ्याचा मत्सर, असा तो विषय. २०१७ सालीं लुईनें अनेक स्त्रियांशीं केलेलें गैरवर्तन स्वतः मान्य केल्यावर त्या भागांतील प्रामाणिकपणाच्या गोष्टी पूर्वींच्या कानांनीं ऐकतां येत नाहींत. सुटीच्या यादींत त्यांना जागा देण्याचें कारण दिसत नाहीं.

विल्यम्सनें ज्या चित्रपटांत दिव्यांतल्या राक्षसाला आवाज दिला, त्या १९९२ च्या 'अलादिन'मध्यें एका खाष्ट पोपटाचाहि आवाज आहे. तो गिल्बर्ट गॉटफ्रीडचा. कर्कश म्हणावा, कीं फाटका म्हणावा, कीं पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा म्हणावा, हें ठरविणें कठीण. अशा आवाजाच्या माणसानें तासतास बोलणारी माला काढावी हाच मुळीं एक विनोद. पण २०१४ पासून १२ एप्रिल २०२२ रोजीं मृत्यु येईपर्यंत फ्रँक सँटोपाद्रे याच्यासह त्यानें ती चालविली, आणि तिनें एक मोलाचें काम केलें. जुन्या चित्रपटांत ज्यांचीं नांवें श्रेयनामावलींत अगदीं तळाशीं येत, असे ऐंशी-नव्वदीचे वृद्ध नट, लेखक, नकलाकार या दोघांनीं शोधून काढून बोलते केले. पहिला पाहुणा डिक कॅव्हेट. यजमानांनीं अभ्यास असा केलेला कीं, पाहुणाच विसरलेली गोष्ट ते त्याला सांगत. थट्टा अचकट-विचकट असते. ती ज्याला सोसत नाहीं त्यानें दुरूनच नमस्कार करावा. मात्र म्हाताऱ्या कलावंताला आपलें काम कोणाच्या तरी लक्षांत राहिलें आहे हें कळल्यावर त्याच्या स्वरांत जो पालट होतो, तो वारंवार ऐकावा असा आहे.

मुलाखतींचा कंटाळा आला म्हणजे करीना लाँगवर्थ या विदुषींच्या 'यू मस्ट रिमेंबर धिस' या मालेकडे वळावें. २०१४ सालीं सुरू झालेल्या या मालेंत पाहुणा नाहीं, गप्पा नाहींत. लाँगवर्थबाई एकट्याच बोलतात. हॉलिवूडच्या पहिल्या शतकांतील एखादी कथा कागदपत्रांच्या आधारें लिहून काढून ती वाचतात. कीर्तनकार आख्यान लावतो तसेंच हें म्हणावें, फक्त अभंगाच्या जागीं जुन्या चित्रपटांचे संवाद. या मालेंतील तीन भाग मुद्दाम एकापुढें एक ऐकावे. ते तीन निरनिराळ्या सत्रांतील आहेत. पण त्यांतील तीन विदूषक एकमेकांना ओळखत होते, आणि त्या तिघांच्या गोष्टी एकत्र केल्यावाचून एकाचीहि पुरी होत नाहीं.

पहिला रॉस्को आर्बकल. मूकपटांच्या काळांतील हा लठ्ठ विनोदी नट लोकप्रियतेच्या शिखरावर असतां, सप्टेंबर १९२१ मध्यें सान फ्रान्सिस्कोच्या सेंट फ्रान्सिस हॉटेलांत त्यानें दिलेल्या मेजवानींत व्हर्जिनिया रॅपे ही नटी आजारी पडली व चार दिवसांनीं मरण पावली. आर्बकलवर खटला झाला. दोनदां पंचांचें एकमत झालें नाहीं. तिसऱ्या खेपेस, १२ एप्रिल १९२२ रोजीं, पंचांनीं त्याला निर्दोष ठरविलें, एवढेंच नव्हे तर त्याच्यावर अन्याय झाला असें लेखी कळविलें. सहाच दिवसांनीं चित्रपटधंद्याचे नवे नियंत्रक विल हेज यांनीं त्याच्या चित्रपटांवर बंदी घातली. वर्षअखेर ती उठली. परंतु प्रेक्षकांच्या मनांतील उठली नाहीं. पुढें तो दुसऱ्याचें नांव घेऊन पडद्यामागें दिग्दर्शन करीत राहिला, आणि १९३३ सालीं वारला. केनेथ अँगर याच्या 'हॉलिवूड बॅबिलॉन' या पुस्तकानें या प्रकरणाला जें बीभत्स रूप दिलें, तेंच पुढें लोकांना इतिहास म्हणून ठाऊक झालें. लाँगवर्थबाईंनीं २०१८ च्या सत्रांत त्या पुस्तकांतील एकेक कथा घेऊन ती पारखून पाहिली आहे. त्यांचें वैशिष्ट्य असें कीं, आर्बकलला न्याय देतांना त्या मेलेल्या मुलीला विसरत नाहींत. रॅपे पोशाखांची रचना करून आणि चित्रपटांतून कामें करून पोट भरणारी स्त्री होती. आर्बकलच्या बचावाच्या भरांत तिच्या चारित्र्याच्या ज्या चिंधड्या उडविल्या गेल्या त्या कोणी पुन्हां गोळा केल्या नव्हत्या.

दुसरा बस्टर कीटन. १९१७ सालीं आर्बकलनेंच त्याला चित्रपटांत आणलें. तत्पूर्वीं कीटन आपल्या आईबापांबरोबर रंगमंचावर कामें करी. बाप या पोराला उचलून भिंतीवर, पडद्यावर, कधीं वाद्यवृंदांतहि फेंकून देई, आणि पोरगें तोंडावरची सुरकुतीहि न हलवितां उठून उभें राही. आपण हसलों तर प्रेक्षक हसत नाहींत, हें त्याला लहानपणींच कळून चुकलें होतें. हेंच न हसणारें तोंड घेऊन त्यानें १९२६ सालीं 'द जनरल' काढला. त्या वेळीं चित्रपटानें धंदा केला नाहीं. १९२८ मध्यें तो मेट्रो-गोल्डविन-मेयर कंपनीच्या नोकरींत शिरला. चॅप्लिननें त्याला तसें न करण्याविषयीं बजावलें होतें. कीटन स्वतः पुढें ही आपल्या आयुष्यांतील सर्वांत मोठी चूक मानीत असे, आणि लाँगवर्थबाईंच्या २०१५ च्या भागाचें नांवहि हेंच आहे.

या भागांत खलपुरुष शोधावयास जाणाऱ्याची निराशा होते. कंपनीनें कीटनला उपाशी ठेवलें नाहीं. उलट चांगला पगार दिला. त्याच्या बोलपटांनीं पैसाहि मिळवून दिला. फक्त पूर्वीं जो मनुष्य हातांत लिहिलेला कागद न घेतां, आपल्या चार सोबत्यांसह रस्त्यावर उभा राहून, पडण्याच्या शंभर तऱ्हा शोधून काढी, त्याच्या पुढें आतां टंकलिखित संवाद ठेवण्यांत आले. दारू वाढली, संसार मोडला, आणि १९३३ सालीं कंपनीनें त्याला काढून टाकलें. कांहीं वर्षांनीं तो त्याच कंपनींत परत आला तो दुसऱ्या नटांना विनोदी प्रसंग सुचविणारा पगारी कारकून म्हणून. ज्या कारागिराचीं अवजारें काढून घेऊन त्याला पोटभर जेवूं घातलें जातें, त्याची ही कथा आहे. ती ऐकतांना फक्त सिनेमांतील माणसेंच डोळ्यांपुढें येतात असें नाहीं. 'द जनरल'चा अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट-नोंदींत १९८९ सालीं, म्हणजे पहिल्याच वर्षीं, समावेश झाला. कीटन १९६६ मध्येंच गेला होता. परंतु वृद्धापकाळीं कां होईना, आपल्या मूकपटांचा पुन्हां झालेला गौरव त्याला पाहावयास मिळाला.

तिसरा चॅप्लिन. त्याच्यावरील भाग २०१६ च्या सत्रांत आहे. साम्यवादी असल्याच्या संशयावरून हॉलिवूडमधील ज्या कलावंतांना कामाला मुकावें लागलें त्यांची हकीकत त्या सत्रांत सांगितलेली आहे. १९४७ चा 'मॉन्स्यूर व्हर्दू', त्यावरील गदारोळ, आणि सप्टेंबर १९५२ मध्यें चॅप्लिन सहकुटुंब विलायतेच्या बोटींत बसल्यावर दोनच दिवसांनीं त्याचा परतीचा परवाना रद्द झाला तो प्रसंग, हे सारे त्यांत येतात. वीस वर्षांनीं, १९७२ सालीं, त्याच अमेरिकेनें त्याला सन्मानाचें ऑस्कर देण्यासाठीं बोलावून नेलें. मराठी श्रोत्याला चॅप्लिनचा आणखी एक दुवा आठवेल. २२ सप्टेंबर १९३१ रोजीं लंडनच्या पूर्व भागांतील एका लहानशा घरांत तो महात्मा गांधींना भेटला होता, आणि दोघांचें बोलणें निघालें तें यंत्रांविषयीं. पांच वर्षांनीं 'मॉडर्न टाइम्स' आला. एकामुळें दुसरें झालें असें म्हणण्याचें धाडस करूं नये. पण सुटींत तो चित्रपट पुन्हां पाहणाऱ्यानें ती भेट ध्यानांत ठेवण्यास हरकत नाहीं.

हे तीन भाग संपल्यावर १९५२ चा 'लाइमलाइट' लावावा. चॅप्लिन ज्या चित्रपटाच्या लंडनमधील प्रथम प्रयोगासाठीं निघाला आणि परत येऊं शकला नाहीं, तोच हा. त्याच्या अखेरीस दोन म्हातारे विदूषक रंगमंचावर येतात; एकापाशीं फिडल, दुसऱ्यापुढें पियानो. एक चॅप्लिन, दुसरा कीटन. दोघे एकत्र असे याच एका चित्रपटांत दिसतात.

आतां कारागिरीविषयीं. विनोद तयार कसा होतो हें पाहावयाचें असेल तर माइक बर्बिग्लिया याची 'वर्किंग इट आउट' ही माला उघडावी. २०२० पासून ती चालू आहे. येथें पाहुणा नट आपला अर्धाकच्चा विनोद घेऊन येतो. यजमानहि आपला आणतो. आणि दोघे मिळून तो ठोकून पाहतात. हा शब्द आधीं आला तर? ही आई काढून टाकली आणि तिच्या जागीं शेजारीण घातली तर? सुताराच्या कट्ट्यावर जसा भुसा पडतो तसा या मालेंत पडतो. कित्येक विनोद शेवटपर्यंत जमतच नाहींत, आणि ते न जमणेंच बोधप्रद असतें. ज्याला हें सारें जड वाटतें, त्यानें कोनन ओब्रायनची 'नीड्स अ फ्रेंड' ही २०१८ पासूनची माला लावावी. पंचवीस वर्षें दूरचित्रवाणीवर पाहुण्यांशीं गोड बोलून आपल्याला त्यांतील एकहि मित्र मिळाला नाहीं, या तक्रारीवर ती उभी आहे. पाहुण्यापेक्षां कोनन आणि त्याची साहाय्यक सोना मोव्हसेशियन यांचीं भांडणेंच अधिक रंगतात. स्वयंपाक करतांना, घर आवरतांना ऐकावयास ती उत्तम. तिला पूर्ण लक्ष द्यावें लागत नाहीं.

इंग्रजीचा प्रश्न उरतो. अमेरिकन नट भरभर बोलतात, अर्धे शब्द गिळतात, आणि स्थानिक संदर्भ पेरीत जातात. ऐकण्याचा वेग कमी करण्याची सोय या यंत्रांत असते, ती लाज न बाळगतां वापरावी. शिवाय ब्रिटिश बोलणें ज्यांच्या कानांना अधिक सरावाचें आहे, त्यांच्यासाठीं बी.बी.सी.ची 'डेझर्ट आयलंड डिस्क्स' आहे. रॉय प्लम्ली यांनीं २९ जानेवारी १९४२ रोजीं, युद्ध ऐन भरांत असतां, ती सुरू केली. निर्जन बेटावर टाकून दिल्यास कोणत्या आठ तबकड्या बरोबर न्याल, हा एकच प्रश्न. पहिला पाहुणा व्हिक ऑलिव्हर, म्हणजे एक विनोदी नटच. आठ गाण्यांच्या निमित्तानें माणूस आपलें सारें आयुष्य सांगून टाकतो, आणि सांगितल्याचें त्याला कळत नाहीं. नेमस्त चाळीस-पंचेचाळीस मिनिटें. पाल्हाळाला येथें वाव नाहीं. विनोदी लेखिका व अभिनेत्री व्हिक्टोरिया वुड या बेटावर दोनदां जाऊन आल्या. वीस वर्षांच्या अंतरानें झालेले ते दोन भाग लागोपाठ ऐकल्यास एकाच व्यक्तीचें वय वाढतांना ऐकूं येतें.

याच मालेंत १९७८ सालीं येऊन गेलेला एक पाहुणा महाराष्ट्राचा म्हणावा लागतो. स्पाइक मिलिगन याचा जन्म १६ एप्रिल १९१८ रोजीं अहमदनगर येथें, म्हणजे आज ज्याला अहिल्यानगर म्हणतात त्या शहरीं, झाला. बाप आयरिश, ब्रिटिश फौजेच्या तोफखान्यांत नोकर, आणि हौसेखातर सैनिकांच्या करमणुकीच्या कार्यक्रमांतून गाणारा-नाचणारा. मुलाचें बालपण पुण्याच्या लष्करांत आणि पुढें रंगूनला गेलें. दुसऱ्या महायुद्धांत, जानेवारी १९४४ मध्यें, इटलींतील कॅसिनोजवळ तोफगोळ्यानें तो जखमी झाला. शरीर सावरलें, मन पुढें आयुष्यभर अधूनमधून ढासळत राहिलें. २८ मे १९५१ रोजीं बी.बी.सी.नें त्याचा, पीटर सेलर्सचा, हॅरी सेकोंबचा आणि मायकेल बेंटीनचा जो कार्यक्रम सुरू केला तोच पुढें 'गून शो' म्हणून गाजला. बहुतेक लेखन मिलिगनचें. दर आठवड्याला अर्ध्या तासाचा वेडेपणा कागदावर उतरवितांना १९५२ च्या अखेरीस त्याचें मन पार कोलमडलें आणि त्याला इस्पितळांत ठेवावें लागलें. बरा होऊन तो पुन्हां लिहावयास बसला. १९६० च्या जानेवारीपर्यंत कार्यक्रम चालला.

गून शोची करामत डोळ्यांना दाखवितांच येत नाहीं. ती केवळ कानांची आहे. दार उघडतें, मनुष्य चालत जातो, चालत जातो, चालतच जातो, आणि पावलांचा आवाज इतका लांबतो कीं ऐकणाऱ्याला घर केवढें असेल या कल्पनेनेंच हसूं फुटतें. रंगमंचावर असें घर कोणी बांधूं शकणार नाहीं. त्यांत लालकाका आणि बॅनर्जी या नांवांचीं दोन हिंदी पात्रें मधूनमधून येतात. तीं सेलर्स आणि मिलिगन यांनीं वठविलेलीं. आजच्या मराठी कानाला तीं थोडीं खटकतात, आणि खटकावींतहि. मात्र त्यांतील एकानें ते हेल नगर-पुण्याच्या छावणींत बालपणीं ऐकलेले होते, हें ठाऊक असलें म्हणजे त्या खटकण्यांत निराळीच एक ओळख मिसळते.

जतन झालेले गून शोचे भाग आज सहज मिळतात, आणि 'गून पॉड' नांवाचा एक पॉडकास्ट केवळ या मंडळींच्या कामाचीच चर्चा करतो. क्रम असा ठेवावा कीं, प्रथम १९७८ ची ती मुलाखत ऐकावी, म्हणजे बोलणारा कोण हें कळेल; मग गून शोचा कोणताहि एक भाग लावावा. पहिल्या खेपेस बहुतेकांना कांहीं समजत नाहीं. आवाज फार, पात्रें फार, आणि कथानकाला शेंडा-बुडखा नाहीं. तो तसाच पुरा ऐकून दुसऱ्या दिवशीं दुसरा लावावा, दिवा मालवून, शक्य तर घरांतील एखाद्या मुलाला शेजारीं घेऊन. मुलें बहुधा आधीं हसतात.